टाउखनिट्सची खिशातली इंग्रजी पुस्तकं : घेण्याआधी काय बघाल, घेतल्यावर काय कराल

नौपाड्यातल्या रद्दीवाल्यापासून ऑनलाइन यादी टाकणाऱ्यांपर्यंत, ठाण्यात कुणाच्याही हाती टाउखनिट्स या जर्मन प्रकाशकाचं जुनं इंग्रजी पुस्तक लागलं की वर्णनात दोन शब्द हमखास येतात : ‘पहिली आवृत्ती’. पुस्तक उघडलं की शीर्षकाच्या पानावर १८४३ नाहीतर १८६० असं साल दिसतं. साल जुनं म्हणून पुस्तक जुनं, जुनं म्हणून दुर्मीळ, दुर्मीळ म्हणून महाग. या साखळीची पहिलीच कडी कच्ची आहे. टाउखनिट्सच्या पुस्तकावरचं साल ते पुस्तक कधी छापलं हे सांगत नाही. त्याहून आधीचं ते नाही, एवढंच सांगतं.

निकाल आधीच देऊन टाकतो. वाचायला उत्तम, हातात धरायला सुखाचं, गुंतवणूक म्हणून बहुतेक वेळा फुसकं आणि खाडीकाठच्या हवेत सांभाळायला कटकटीचं. पाचपैकी साडेतीन तारे. (तारे द्यायची सवय लावणाराही एक जर्मन पुस्तकविक्रेताच. कोब्लेन्झच्या कार्ल बेडेकरने १८४०च्या दशकात आपल्या प्रवासपुस्तकांत पाहण्याजोग्या जागांपुढे तारे छापायला सुरुवात केली.)

वस्तू नेमकी काय आहे ते पाहू. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात बर्नहार्ड टाउखनिट्स या प्रकाशकाने १८४१मध्ये ‘कलेक्शन ऑफ ब्रिटिश ऑथर्स’ नावाची मालिका सुरू केली. पहिला खंड होता इंग्रज कादंबरीकार बुल्वर-लिटनची ‘पेल्हम’. मालिका १९४३पर्यंत चालली आणि खंडांची संख्या पाच हजारांच्या पुढे गेली. मजकूर इंग्रजीच, काटछाट न केलेला, फक्त छपाई जर्मनीत आणि विक्री इंग्लंड सोडून उरलेल्या युरोपात. गिऱ्हाईक म्हणजे रेल्वेने फिरणारे इंग्रज-अमेरिकन प्रवासी आणि इंग्रजी वाचू शकणारे स्थानिक लोक. नावात ‘ब्रिटिश’ असलं तरी हॉथॉर्न, मार्क ट्वेन असे अमेरिकनही याच मालिकेत आहेत.

आकार साधारण साडेसोळा सेंटिमीटर उंच, अकरा-बारा सेंटिमीटर रुंद. म्हणजे सदऱ्याच्या नाही, पण कोटाच्या खिशात बसणारा. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने वाचता येतं आणि जुजबंदी (घड्या दोऱ्याने शिवलेली) शिलाई असल्यामुळे पुस्तक उघडं राहतं. आजच्या गोंदाने चिकटवलेल्या पेपरबॅकसारखं ते अंगठ्याने दाबून धरावं लागत नाही. टाइप बारीक आहे, पण ओळींमध्ये मोकळी जागा असल्यामुळे डोळ्यांना त्रास होत नाही. मूळ पुस्तक फिक्या रंगाच्या साध्या छापील कागदी वेष्टनात विकलं जाई. पक्की बांधणी ज्याने त्याने आपल्या खर्चाने करायची. त्यामुळे आज हातात येणाऱ्या दोन प्रती बाहेरून सहसा सारख्या दिसत नाहीत. एक अर्ध्या चामड्यात, दुसरी संगमरवरी कागदात, तिसरी कुठल्यातरी क्लबाच्या ग्रंथालयाच्या जाड कापडात. बांधणीवरून पुस्तकाची किंमत ठरवू नका, ती बांधणी प्रकाशकाची नव्हेच.

किमतीचं गणित पाहिलं की ही पुस्तकं युरोपभर का पसरली ते कळतं. लंडनमध्ये नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि संचाची किंमत असे साडेएकतीस शिलिंग. सामान्य वाचक ती विकत घेतच नसे, वर्गणी भरून फिरत्या ग्रंथालयातून आणे. तीच कादंबरी टाउखनिट्स बहुधा दोन खंडांत काढी आणि मार्क चलन आल्यानंतर खंडाला १ मार्क ६० फेनिग घेई. वीस मार्कांना एक पौंड, म्हणजे वीस शिलिंग, धरला तर दोन खंड मिळून जेमतेम सव्वातीन शिलिंग. लंडनच्या दहावा हिस्सा. १८७५च्या सुमाराच्या दराने आपल्याकडचे पावणेदोन रुपये.

एवढ्या स्वस्तात परवडायचं कसं, याचं उत्तर माणसाच्या चरित्रात आहे. ते समजून घेतल्याशिवाय या पुस्तकावरच्या खुणा वाचता येत नाहीत, म्हणून इथे थोडं थांबू.

ख्रिश्चन बर्नहार्ड टाउखनिट्सचा जन्म २५ ऑगस्ट १८१६चा, नाउम्बुर्गजवळच्या श्लाइनिट्स गावातला. काका कार्ल टाउखनिट्स लाइपझिगचे नावाजलेले मुद्रक. ग्रीक-लॅटिन अभिजात ग्रंथांच्या स्वस्त आवृत्त्यांसाठी त्यांचं नाव होतं आणि जर्मनीत स्टिरिओटाइपची पद्धत आणणाऱ्यांत ते पुढे होते. ही पद्धत अशी : जुळाऱ्याने खिळे जुळवून पान तयार केलं की त्यावरून साचा घ्यायचा आणि साच्यात शिशाचा मिश्रधातू ओतून अख्ख्या पानाचा एकच पत्रा तयार करायचा. खिळे सोडवून पुढच्या पुस्तकाला वापरायचे, पत्रे गोदामात ठेवायचे. मागणी आली की पत्रे यंत्रावर चढवायचे आणि लागतील तेवढ्याच प्रती काढायच्या. पुन्हा जुळणी नाही, पुन्हा मुद्रितशोधन नाही, हजारो प्रती आधीच छापून अडकवून ठेवायची गरज नाही. पुतण्याने १८३७मध्ये, विशीतच, लाइपझिगला स्वतंत्र पेढी काढली ती या शहाणपणावर. काकांच्या पेढीशी गोंधळ होऊ नये म्हणून १८४०च्या दशकातल्या पुस्तकांवर नावापुढे ‘ज्युनियर’चं ‘ज्यु.’ छापलेलं असे. ही खूण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पहिली दोन वर्षं त्याने इंग्रजी पुस्तकं छापली ती लेखकांना काही न देता. यात बेकायदा काही नव्हतं, कारण सॅक्सनीत, म्हणजे लाइपझिग ज्या जर्मन राज्यात होतं तिथे, तेव्हा परदेशी लेखकाच्या हक्काला संरक्षणच नव्हतं. पॅरिसमध्ये गॅलिन्यानी आणि बोद्री हे प्रकाशक हेच वर्षानुवर्षं करत होते. मग १८४३मध्ये तो स्वतः लंडनला गेला, लेखकांना भेटला आणि म्हणाला : युरोपातल्या आवृत्तीची परवानगी द्या, मी मोबदला देतो. कायद्याने बांधलेला नसताना पैसे देणारा प्रकाशक ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. बुल्वर-लिटन, डिकन्स असे मोठे लेखक तयार झाले. ब्रिटन आणि सॅक्सनी यांच्यात लेखनहक्काचा करार झाला तो १८४६मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी. कायदा आला तेव्हा बाकीच्यांची पंचाईत झाली आणि याच्याकडे सह्या तयार होत्या.

याला निव्वळ सज्जनपणा म्हणणं भाबडेपणाचं होईल. लेखकाची परवानगी हातात असली की लंडनहून छापील फर्मे (न बांधलेले ताव) आधीच मिळतात, पुस्तक लंडनबरोबरच लाइपझिगला निघतं, चोरटी छपाई करणारा मागे पडतो. व्यवहार चोख होता आणि माणूसही तसाच होता. डिकन्सने आपला थोरला मुलगा चार्ली याला १८५३मध्ये जर्मन शिकायला लाइपझिगला पाठवलं, तेव्हा त्याच्या राहण्याची सोय टाउखनिट्सने पाहिली. असा विश्वास निव्वळ करारपत्राने बसत नाही. पुढे १८६०मध्ये त्याला फ्रायहेर म्हणजे बॅरन हा किताब मिळाला, १८७२मध्ये तो सॅक्सनीतला ब्रिटनचा महावाणिज्यदूत झाला, १८७७पासून सॅक्सनीच्या वरिष्ठ सभागृहाचा तहहयात सदस्य. ऑगस्ट १८९५मध्ये वारला. पेढी मुलाकडे गेली. पहिल्या महायुद्धाने धंद्याचं कंबरडं मोडलं, १९३४मध्ये ती ‘अल्बाट्रॉस’ या नव्या प्रतिस्पर्ध्याच्या कारभाराखाली गेली आणि ४ डिसेंबर १९४३च्या बॉम्बवर्षावात लाइपझिगची इमारत जळाली.

आता पुस्तक हातात घ्या आणि याच क्रमाने बघा.

शीर्षकपान. साल लिहून ठेवा, पण भाव करताना ते विसरा. स्टिरिओचे पत्रे वर्षानुवर्षं तेच वापरले जात आणि पत्र्यावरचं सालही तेच राही. १८४३ असं साल असलेली प्रत १८९०ची असू शकते. प्रकाशकाच्या नावापुढे ‘ज्यु.’ असेल तर मात्र कान टवकारा, ती खरोखर सुरुवातीच्या दिवसांतली असण्याची शक्यता बरीच आहे.

त्याआधीचं अर्धशीर्षकाचं पान. इथे मालिकेचं नाव आणि खंडाचा क्रमांक असतो. हे पान फाटलेलं किंवा बाइंडरने उडवलेलं असेल तर निम्मी माहिती गेली म्हणून समजा आणि तसा भाव पाडा.

त्या पानाच्या पाठीमागे त्याच लेखकाच्या टाउखनिट्समधल्या इतर पुस्तकांची यादी असते. सगळ्यात भरवशाची खूण ही. यादी दर छपाईला अद्ययावत होई, साल होत नसे. समजा ‘अ ख्रिसमस कॅरोल’ आहे, साल १८४३. यादीत डिकन्सची शेवटची, अपुरी राहिलेली ‘एडविन ड्रूड’ दिसली की खेळ संपला. ती कादंबरी १८७०ची, म्हणजे हातातली प्रत त्यानंतरची. यादीतलं सगळ्यात उशिराचं पुस्तक शोधायचं आणि ते कधी प्रसिद्ध झालं ते मोबाइलवर पाहायचं. दोन मिनिटांचं काम आहे. विकणारा ते करत नाही, कारण न करण्यात त्याचा फायदा आहे.

अक्षरांचा ठसा. भिंग असेल तर ‘इ’ आणि ‘ए’ या इंग्रजी अक्षरांची पोकळी बघा. नव्या पत्र्यावरची अक्षरं कोरीव दिसतात. झिजलेल्या पत्र्यावर कडा बोथट, बारीक रेषा तुटक आणि ओळीच्या टोकाची विरामचिन्हं गायब.

शेवटचं पान. ‘प्रिंटिंग ऑफिस ऑफ द पब्लिशर’ अशी ओळ बऱ्याच खंडांत सापडते. तिच्यावरून काळ ठरत नाही, पण मागची पानं गळालेली नाहीत एवढी खात्री होते.

आणि वेष्टन. मूळ कागदी वेष्टन शाबूत असेल तर बाकीची सगळी उलाढाल नको. नंतरच्या काळातल्या वेष्टनांच्या पाठीवर नव्या पुस्तकांच्या जाहिरातीसोबत महिना आणि साल छापलेलं असतं. प्रत त्या महिन्याच्या आसपास बाजारात होती. पक्की बांधणी करताना बाइंडर पहिल्यांदा वेष्टनच फेकून देत, म्हणून वेष्टनासकटची मळकी प्रत ही चामड्यात बांधलेल्या चकचकीत प्रतीपेक्षा मोलाची. आपल्याकडे भाव बरोबर उलटा लागतो. यात तुमचाच फायदा आहे, गप्प बसून घ्या.

वेष्टनावर आणखी एक ओळ दिसते, तिचा अर्थ असा : हे पुस्तक ब्रिटन आणि तिच्या वसाहतींत नेऊ नये. म्हणजे कायद्याने हे पुस्तक ठाण्यात असायलाच नको होतं. टाउखनिट्सने लेखकांकडून हक्क घेतला होता तो फक्त युरोप खंडापुरता. इंग्लंड आणि साम्राज्यातली विक्री ही लंडनच्या प्रकाशकाची आणि १८४२च्या ब्रिटिश कायद्यानुसार अशी बाहेर छापलेली प्रत विक्रीसाठी आत आणायला मनाई होती. तरी पुस्तकं आली. १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर ब्रिंडिसी नाहीतर ट्रिएस्टला गाडीतून उतरून मुंबईच्या बोटीत चढणाऱ्याच्या पिशवीत एक-दोन टाउखनिट्स असणं अगदी स्वाभाविक होतं. बोटीवर वाचायचं, मुंबईत उतरल्यावर क्लबाच्या कपाटात ठेवून द्यायचं. म्हणून आपल्याकडच्या प्रतींवर क्लबांचे, रेल्वे-वाचनालयांचे, शाळांचे शिक्के सापडतात. शिक्का म्हणजे दोष मानू नका. या पुस्तकाच्या बाबतीत तो प्रवासाचा दाखला आहे.

एक प्रकार मात्र खरोखर मौल्यवान आहे आणि तो ओळखणं सोपं. हॉथॉर्नची रोमवरची कादंबरी टाउखनिट्सने १८६०मध्ये ‘ट्रान्सफॉर्मेशन’ या नावाने दोन खंडांत काढली. रोम आणि फ्लॉरेन्सला येणारे प्रवासी कादंबरीतल्या जागांचे फोटो विकत घेऊन या पुस्तकात मध्ये मध्ये चिकटवून घेत. तिथले पुस्तकविक्रेते फोटोंसाठी कोरी पानं घालून, पांढऱ्या चर्मपत्रात सोनेरी नक्षी करून अशा प्रती बांधून देत. जॉर्ज एलियटची फ्लॉरेन्सवरची ‘रोमोला’ हीसुद्धा अशीच सजलेली सापडते. प्रत्येक प्रतीत फोटो वेगळे आणि संख्याही वेगळी, त्यामुळे ‘पूर्ण’ प्रत अशी नसतेच. फक्त कोऱ्या पानांवर चौकोनी डिंकाचे डाग दिसले तर तिथले फोटो काढून वेगळे विकले गेलेत हे ओळखा.

कागदाबद्दल सरळ सांगायचं तर, जितकं जुनं तितकं चांगलं. सुरुवातीच्या खंडांचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, आजही लवचीक. लाकूड घासून लगदा करायची युक्ती काढली ती सॅक्सनीतल्याच फ्रिडरिश गोटलोब केलरने १८४०च्या दशकात. पुढच्या काही दशकांत स्वस्त पुस्तकांचा कागद तोच झाला. या लगद्यात लिग्निन राहतं, शिवाय कागद बनवताना घातलेली तुरटी आम्ल सोडत राहते. पान आधी कडेने पिवळं, मग तपकिरी, शेवटी पापडासारखं. पानाचा कोपरा दुमडून परीक्षा घेणारे लोक आहेत. त्यांच्या हातात पुस्तक देऊ नका, कोपरा तुटतोच. पुस्तक अर्धं उघडून शिवणीजवळ बघा. तिथे रंग कडेइतकाच गडद असेल तर आम्ल आतपर्यंत गेलंय. ते पुस्तक कपाटातलं, वाचायचं नव्हे.

काही प्रतींची पानं वरच्या कडेला किंवा पुढून जोडलेली, न उघडलेली असतात. म्हणजे दीडशे वर्षांत कुणी ते वाचलंच नाही. ब्लेडने कापू नका, ते घडीवरून घसरून मजकुरात शिरतं. हाडाची किंवा लाकडाची बोथट पट्टी घडीत आडवी घालून बाहेरच्या दिशेने सावकाश ओढायची, एका वेळी एकच घडी. पट्टी नसेल तर साधं जाड पोस्टकार्ड चालतं.

आता आपली हवा. खाडीच्या दोन्ही अंगांना, कळवा-कोपरीकडे काय आणि वाशी-ऐरोलीकडे काय, जून ते सप्टेंबर घरातली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या घरात असते. कागदाला पन्नास-पंचावन्न लागते, पासष्टच्या वर बुरशी धरते. लोक डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून निर्धास्त होतात. हिशेब करून बघा. पाच किलो पुस्तकं ऐंशी टक्क्यांवरून पन्नासवर आणायची तर कागदातून साधारण दीडशे ग्रॅम पाणी बाहेर यावं लागतं. पन्नास टक्के आर्द्रतेला सिलिका जेल आपल्या वजनाच्या पाव भागाइतकं पाणी धरतं. म्हणजे सहाशे ग्रॅम जेल हवं. बुटाच्या खोक्यातल्या पुडीत असतं ते दोन-तीन ग्रॅम. तेव्हा आधी पुस्तकं तीन-चार दिवस एसीच्या खोलीत पंख्याखाली, किंचित उघडून उभी ठेवा, म्हणजे बरंचसं पाणी तिथेच जाईल. मग घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत पाच किलोंमागे अडीचशे-तीनशे ग्रॅम जेल पुरतं. आत दीड-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवा आणि पंचावन्नच्या वर काटा गेला की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत घाला. रंग बदलणारं जेल घेणार असाल तर नारिंगी घ्या. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, ते घरात तापवायची वस्तू नव्हे.

ऊन दाखवायची आपली पिढीजात रीत गोधडीला ठीक, लाकडी लगद्याच्या कागदाला नाही. अर्ध्या दिवसाच्या उन्हाने पान जेवढं तपकिरी होतं तेवढं कपाटात काही वर्षांत होणार नाही.

कसर लागली असेल (पानाचा वरचा थर खरवडल्यासारखा दिसतो आणि कण्यावरची खळ चाटलेली असते), तर पुस्तक दुहेरी झिप पिशवीत घालून, हवा काढून, फ्रीजरमध्ये उणे अठरा अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर ठाण्याच्या हवेतलं पाणी थंड कागदावर धरतं आणि केलेलं सगळं वाया. फोटो चिकटवलेल्या प्रतीला हा प्रयोग नको. बुरशी मात्र थंडीने मरत नाही, फक्त झोपते. ती वाळू द्यायची आणि मास्क लावून, गॅलरीत, मऊ कोरड्या ब्रशने झाडायची. ओल्या फडक्याने पुसली की कागदात मुरते.

सगळ्यात जास्त टाउखनिट्स मरतात ते बाइंडरच्या हातून. आपल्याकडचे बाइंडर वह्या, चोपड्या आणि प्रबंध बांधण्यात तरबेज आहेत आणि तीच सवय इथे घात करते. पुस्तक हाती आलं की पहिलं काम म्हणजे कटिंग मशीनवर तिन्ही कडा ‘साफ’ करणं. मग कण्याला करवतीने खाचा, त्यात फेविकॉल, वरून रेक्झिन. टाउखनिट्सची शिवण बहुतेक वेळा ठीक असते, सैल झालेला असतो तो फक्त कण्यावरचा सरस. म्हणून बाइंडरला चिठ्ठीवर लिहून द्या : कडा कापायच्या नाहीत, खाचा करायच्या नाहीत, वेष्टन आणि जाहिरातीची पानं जशीच्या तशी आत बांधायची, कण्याला फक्त खळ लावायची, लॅमिनेशन नाही. तोंडी सांगितलेलं दुकानातल्या पोऱ्यापर्यंत पोचत नाही. पैसे कामाआधी द्या, पण पुस्तक ताब्यात देताना पानांची उंची मोजून चिठ्ठीवर टाका. परत घेताना तीन मिलिमीटर कमी भरली की कुणाला काही सिद्ध करायची गरज राहत नाही.

खळ घरी करून दिलीत तर उत्तमच. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून, मग मंद आचेवर सतत ढवळत दहा-बारा मिनिटं. रंग पांढऱ्यावरून अर्धपारदर्शक झाला की उतरवायची, गार झाल्यावर मलमलीतून गाळायची. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते. कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, ती सोडा. मोरचूद म्हणजे तांब्याचं क्षार आणि तांब्याने कागद आणखी लवकर कुजतो. फाटलेल्या पानाला हीच खळ पातळ करून जपानी टिश्यूची (लांब तंतूंच्या पातळ कागदाची) फाडलेली पट्टी लावायची. कापलेली नको, फाडलेल्या कडेचे तंतू कागदात मिसळतात. सेलोटेप लावलेली प्रत दिसली तर ती टेप ओढू नका, टेपसकट मजकूर निघून येतो.

घ्यायची कुणी? जो वाचणार आहे त्याने, हे पहिलं उत्तर. जॉर्ज एलियट, ट्रोलप, विल्की कॉलिन्स यांच्या कादंबऱ्या त्यांच्या हयातीतल्या रूपात, ट्रेनमध्ये वाचायला यापेक्षा सुटसुटीत आवृत्ती नाही. पुस्तकाच्या धंद्याचा इतिहास ज्याला प्रिय आहे त्याने वेष्टनासकटच्या प्रती जमवाव्यात. तुलनेसाठी त्याच काळातली मराठी पुस्तकं पाहायची तर ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच. ते १८९३चं, म्हणजे टाउखनिट्स तेव्हा हयात होता. जावजी दादाजींच्या निर्णयसागरची छपाई आणि लाइपझिगची छपाई शेजारी ठेवली की ठशाच्या सफाईत आपण कुठे कमी पडत नव्हतो हे दिसतं. आपलं अडत होतं ते कागद आणि वितरणाशी.

हिंदुस्थानविषयक मजकुरासाठी मात्र टाउखनिट्स घेऊ नका. त्यासाठी दुसरा जर्मन आहे, निकोलस ट्रुब्नर. जन्म १८१७, हायडेलबर्गचा. तिथल्याच पुस्तकाच्या दुकानात उमेदवारी करून १८४३मध्ये तो लंडनला लाँगमनकडे नोकरीला गेला, पुढे स्वतःची पेढी काढली आणि १८७८पासून ‘ट्रुब्नर्स ओरिएंटल सिरीज’ चालवली. पुण्यात संस्कृत शिकवलेल्या मार्टिन हाउगचा पारशी धर्मग्रंथांवरचा ग्रंथ या मालिकेत आहे आणि हंटरच्या ‘इंपीरियल गॅझेटियर’ची १८८१ची पहिली आवृत्तीही ट्रुब्नरचीच. ती पुस्तकं जाड, जड आणि महाग असतात, भाव कमी होत नाही. लाइपझिगच्याच रेक्लाम या प्रकाशकाची १८६७पासूनची ‘युनिव्हर्सल-बिब्लिओथेक’ स्वस्त आणि गोड, पण जर्मनमध्ये.

भाव करताना शेवटी एक बघायचंच. टाउखनिट्सच्या बहुतेक कादंबऱ्या दोन खंडांत आहेत, काही तीन-चारांत, आणि प्रत्येक खंडाला मालिकेचा वेगळा क्रमांक असतो. एकाच बांधणीत दोन खंड असतील तर मधलं दुसरं शीर्षकपान जागेवर आहे का ते पाहा. सुटा खंड असेल तर शेवटच्या पानावर ‘दि एंड’ आहे की ‘एंड ऑफ व्हॉल्यूम वन’, ते दुकानातच वाचा. दुसऱ्या खंडासाठी पहिल्या खंडाच्या तिप्पट पैसे मागणारे विक्रेते असतात आणि कादंबरी अर्ध्यावर आलेला माणूस ते देतो.